जुना ड्रायव्हर काढून टाकावा

नागापूर, अहिल्यानगर
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप भागवतमामा,

कागदावर पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. सुरुवात कशी करतात म्हणून आईला विचारलं, तर तिनं एवढं लांबलचक नमन सांगितलं की ते लिहिण्यातच जेवणाची सुट्टी संपली असती. तेव्हा साधा वाकून नमस्कार. मामींनाही.

रविवारी फोनवर मी "मामा, तुमचा ड्रायव्हर..." एवढंच म्हणाले आणि तुम्ही "जे असेल ते लिहून पाठव" म्हणून फोन ठेवलात. म्हणून लिहिते. मामी शेजारी बसून ऐकत असणार, त्यांच्यासाठी आधी थोडं समजावते. तुम्ही हसू नका.

मामी, तुमच्या दूध संस्थेत वजनकाटा आहे आणि संगणक आहे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मधे एक दुभाष्या लागतो. त्या दुभाष्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या कंपनीच्या काट्याचा ड्रायव्हर मामांनी २०११ साली लिहिला आणि निवृत्त होईपर्यंत लेकरासारखा सांभाळला. आता संगणकाच्या अगदी आत, सगळ्यांना कामं वाटून देणारा एक मुकादम असतो. तो कर्नेल. मामांचा ड्रायव्हर त्याच्या बाहेरचा. त्यामुळे नवं कर्नेल आलं की मामांचा ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागतो, नाहीतर सकाळी केंद्र उघडतं आणि काटा मुका. जानेवारीत एका आठवड्यात एकोणीस केंद्रांवर असं झालं. बाया किटल्या घेऊन रांगेत, आणि मी इथून फोनवर, "आता हे टाइप करा, नाही हो, मोकळी जागा सोडू नका."

कर्नेलमध्ये मुळातच एक प्रमाणित ड्रायव्हर आहे. तो आता आपला काटा ओळखतो. वेगळं काही बसवावं लागत नाही. आमच्या गोरक्ष सरांनी ठरवलंय की यापुढे मॅन्युअलमध्ये त्याचीच शिफारस करायची. मॅन्युअल लिहायचं काम माझ्याकडे आहे. एक मार्चला ते एकशेचाळीस केंद्रांवर जाणार.

अडचण एकच. तुमच्या कोडमध्ये ओळ ४१२ च्या वर तुम्ही लिहून ठेवलंय, "हे काढू नये. भा." त्याखालच्या तीन ओळी काट्याकडून आलेला एक आकडा सरळ फेकून देतात. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. प्रमाणित ड्रायव्हर असलं काही करत नाही. तेवढं कारण कळवलंत की माझं पान पूर्ण होईल. मसुदा सोबत आहे.

तुमची,
दिशा


काष्टी
९ फेब्रुवारी

चि. दिशा,

पत्र पोचलं. अक्षर वाईट आहे, पण दुभाष्या हा शब्द चांगला आहे. तुझी मामी दोन दिवस मला दुभाष्याचा बाप म्हणते आहे.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. "उपरोक्त ड्रायव्हरऐवजी प्रमाणित ड्रायव्हरचा अवलंब करण्याची शिफारस करण्यात येत आहे." हे तू कोणासाठी लिहिलंस? केंद्रावरच्या माणसाचा एक हात किटलीला, दुसरा मापाला. त्याला "अवलंब" वाचायला तिसरा हात आणि डोकं दोन्ही लागेल. स्पष्ट लिही. काय काढायचं, त्याच्या जागी काय घ्यायचं, नाही काढलं तर काय होईल. चार वाक्यं. आडपडदा नको.

प्रमाणित म्हणजे कोणी प्रमाणित केला? लिहिणारा कुठल्या देशात बसलाय कोण जाणे. त्यानं काष्टीची सकाळ पाहिली आहे का? माझ्या ड्रायव्हरनं चौदा वर्षांत एक किटली चुकीची मोजली असेल तर दाखव. कर्नेल बदलतं यात माझा दोष नाही.

ओळ ४१२ चं कारण तांत्रिक आहे. पत्रात मावणार नाही. "काढू नये" असं लिहिलंय ना? मग काढू नये.

सुधारलेलं पान छापून पाठव. वस्तीवरच्या महिला दूध संस्थेत तुझी मामीच सचिव आहे. तिथं तुझ्या मराठीची परीक्षा घेतो. चार बायकांना समजलं तर पास.

भागवतमामा


नागापूर
१३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

अक्षर सुधारायचा प्रयत्न करते आहे. निदान मराठी तरी सुधारलीय, कारण तुमचं ऐकलं. नवीन पान सोबत छापून पाठवते. मुख्य मजकूर असा:

"जुना ड्रायव्हर आता भरवशाचा राहिलेला नाही. तो ताबडतोब काढून टाकावा. त्याच्या जागी प्रमाणित ड्रायव्हर घ्यावा. जुना आणि नवा दोघे एकत्र ठेवल्यास त्यांच्यात भांडण होऊन काम बंद पडेल."

"भरवशाचा नाही" हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. तुमचा राग येणार हे माहीत आहे. पण आडपडदा नको, असं तुम्हीच म्हणालात.

मी इथे प्रमाणित ड्रायव्हर लावून दोनशे वेळा वजन केलं. पाण्याचे कॅन उचलून उचलून दंड भरून आले. दोनशेच्या दोनशे वेळा आकडा बरोबर. म्हणजे तुमच्या तीन ओळींची आता गरज उरलेली नसावी, असं सर म्हणतात. मला मात्र तुम्ही कारण नसताना काही लिहिलं असेल असं वाटत नाही. एका ओळीत सांगा ना. तांत्रिक असलं तरी मी समजून घेईन.

तुमची,
दिशा


काष्टी
२२ फेब्रुवारी, शनिवार

चि. दिशा,

मामीचा आशीर्वाद. हे पत्र मी लिहितेय ते तुझ्या मामांना ठावं न्हाई. ते मोटार चालू करायला रानात गेलेत. तू त्यांना सांगू पन नको.

तुझं पान सोमवारी आलं. ह्यांनी कात्री घेतली आन् वरचं "वजनकाटा सॉफ्टवेअर, प्रकरण तीन" तेवढं कापून टाकलं, का तर म्हणे फळ्यावर जागा पुरत न्हाई. राहिलेली चार वाक्यं नेऊन संस्थेच्या दाराशी डकवली. खाली लाल पेनानं रेघ मारली.

मंगळवारी बन्सी आला. बन्सी म्हंजे आमच्या दुधाचा टेम्पो चालवतो. आज अठरा वर्सं झाली, त्यानं एक दिवस खाडा केला न्हाई. सोताच्या पोरीच्या हळदीच्या दिवशी बी दूध टाकून मग मांडवात गेल्ता. त्यानं फळा वाचला. पुन्यांदा वाचला. गपगुमान कॅन भरले आन् गेला.

बुधवारी सकाळी साडेसात झाले, आठ झाले, टेम्पोचा पत्ता न्हाई. कॅन भरून वट्ट्यावर, वरून ऊन. फोन केला तर म्हणतो, "सचिवबाई, भरवशाचा ऱ्हायलो न्हाई तर तोंडावर सांगायचं हुतं. सगळ्या गावानं वाचावं असा कागद कशापायी लावला?"

मी म्हणलं, "आरं, कसला कागद?"

"आन् नवा आला तर मी त्याच्याशी भांडंन म्हून लिव्हलंय. अठरा वर्सांत मी कुनाशी भांडलो का, सांगा."

मी फळ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं हुतं. फोन घेऊन ते त्याला सांगायला लागले का हा ड्रायव्हर म्हंजे प्रोग्रॅम हाय, कर्नेलच्या बाहेरचा हाय. बन्सी म्हणाला, "आता भाईरचा बी झालो का?" आन् फोन ठिवला.

मग शेजारच्या काकासाहेबांची पिकअप घेतली आन् तुझे मामाच चालवत गेले. गाडी येते त्यांना, पन मागं घेता येत न्हाई. चिलिंग सेंटरच्या गेटात आडवी घातली. मागं तीन टँकर भोंगे वाजवतायत आन् हे आत बसून घाम पुसतायत. शेवटी तिथल्या वॉचमननं गाडी काढली. दूध वाचलं, पन थोडक्यात. तवापासून रोज काकासाहेबच येतात. बन्सी काय येईना.

दुसरं सांगायचं म्हंजे, ते तुझं चारशे बारा. ते ह्यांना आठवत न्हाई, बाई. दोन आठवडं झालं माळ्यावरच्या सगळ्या वह्या खाली काढल्यात. एकेक पान बघत्यात. काल जेवताना घास हातात धरून म्हणाले, "सत्यशीला, मीच लिहिलंय आणि मलाच कळेना." मानूस हसत न्हाई पहिल्यासारखा. तू एवढी शिकलेली, तुला काय सुचतंय का बघ.

तुझी मामी


नागापूर
२५ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

संस्थेवर काय झालं ते कळलं. कुणाकडून, ते विचारू नका. चूक माझी आहे. "ड्रायव्हर" हा शब्द दुधाच्या केंद्रावर आधी कोणाला लागू होतो, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी खुर्चीत बसून लिहिलं. तिथं दाराशी रोज टेम्पो लागतो हे मला माहीत होतं, तरी दिसलं नाही.

बन्सीकाकांसाठी वेगळी चिठ्ठी घातली आहे. ती तुम्ही स्वतः नेऊन द्याल का? पोस्टानं गेली तर त्यांना तोही एक कागदच वाटेल.

सरांना सगळं सांगितलं. ते आधी पाच मिनिटं हसले, मग म्हणाले, "हे एकशेचाळीस ठिकाणी गेलं असतं तर?" छपाई पंधरा मार्चपर्यंत थांबवली आहे. म्हणजे ओळ ४१२ लाही वेळ आहे. घाई नाही. एक मात्र सांगते. परवा माझंच मागच्या वर्षीचं एक पान काढलं. त्यात "आधी मॉनिटर बंद करा" अशी पायरी आहे. का, ते मला अजिबात आठवेना. पूर्ण दुपार गेली. वर्षभरापूर्वीचं हे, तुमच्यासारखं चौदा वर्षांचं नव्हे.

तुमची,
दिशा

(सोबतची चिठ्ठी)

बन्सीकाका, नमस्कार. मी सत्यशीलामामींची भाची. फळ्यावरचा कागद मी लिहिला होता. त्यातला ड्रायव्हर म्हणजे संगणकातला एक प्रोग्रॅम, तुम्ही नव्हे. तुमच्याबद्दल असं लिहायची कोणाची छाती नाही. मी नीट लिहिलं नाही म्हणून तुमचा अपमान झाला. मला माफ करा. काकासाहेबांच्या पिकअपपेक्षा तुमचा टेम्पो वेळेवर येतो असं सगळ्या बायका म्हणतात.


काष्टी
४ मार्च

चि. दिशा,

हे पत्र लांब होणार. चहा घेऊन बस.

आधी जे मुकाट्यानं कबूल करायचं ते करतो. ओळ ४१२ चं कारण मला आठवत नव्हतं. पत्रात मावणार नाही असं लिहिलं ते खोटं. माझ्या डोक्यातच मावलं नव्हतं. कागदाचं वरचं शीर्षक मीच कापलं आणि लाल रेघही मीच मारली. तेव्हा चूक तुझी म्हणतेस ती निम्मी माझ्या नावावर कर. तुझ्या मॉनिटरच्या गोष्टीत किती खरं आहे ते मला ठाऊक नाही, पण वाचून बरं वाटलं. तुला बातमी कोण पुरवतं तेही मला कळलंय. तिनं पाकिटावर स्वतःच्या अक्षरात पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकायला मलाच दिलं होतं.

तुझी चिठ्ठी घेऊन बन्सीकडे गेलो. टेम्पो दारात, धुऊन पुसून उभा. बन्सी ओट्यावर. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच चिठ्ठी वाचून दाखवली. "छाती नाही" ला त्याच्या मिशा हलल्या. मग मी म्हणालो, "बन्सी, तो कागद माझ्याबद्दल आहे. जुना ड्रायव्हर माझा. मी लिहिलेला. तो काढतायत."

"म्हंजे तुमाला काढत्यात?"

"तसंच म्हण."

"मंग सोताच्या हातानं कशाला लावला तुमी?"

त्यानं बाज ओढली आणि चहा सांगितला.

चहा पिताना मी त्याला सगळं सांगितलं. तीन ओळी आहेत, एक आकडा फेकतात, का ते आठवत नाही, वह्या संपल्या. बन्सीनं कप खाली ठेवला.

"लाईट गेल्यावरचा आकडा का?"

"काय?"

"आवो, भागूबाईची किटली! ईसरलात? नवा काटा आला त्या वर्साची गोष्ट. काट्यावर कुनाचं तरी अकरा लिटर हुतं, तेवढ्यात लाईट गेली. कॅन खाली घेतला. लाईट आली. भागूबाईनं हात मोकळा करायला म्हून तिची रिकामी किटली ठिवली काट्यावर. वजनाची चिठ्ठी आली, अकरा लिटर! भागूबाई म्हणती, माझी म्हस दोन म्हयन्यापासनं आटलीय, मी वासरासाठी दूध मागायला आलीय. पार हसून हसून लोकं खाली बसली. म्हणले, हिची म्हस लाइटीवर चालती. तुमी दोन दिवस तिथंच खुर्ची टाकून बसला हुतात. मीच तुमाला टेम्पोतनं नगरला सोडलं."

दिशा, मला ती खुर्ची आठवली. तिचा एक पाय छोटा होता. त्याच्यामागोमाग सगळं आलं. संगणकाला यूपीएस असतो, काट्याला नसतो. वीज गेली की काटा बंद होतो, आणि परत आली की शुद्धीवर येताना शेवटचं वजन एकदा बडबडतो. म्हणून तो पहिला आकडा मी फेकत होतो.

तसेच उठलो आणि टेम्पोतूनच संस्थेवर गेलो. माझा ड्रायव्हर तात्पुरता बंद ठेवून प्रमाणित लावला. दहा लिटरचा कॅन ठेवला, काट्याचं बटण बंद केलं, कॅन उचलला, बटण चालू केलं. काट्यावर काही नाही, संगणकावर दहा. बन्सीनं टाळी वाजवली. मी म्हणालो, टाळी कसली वाजवतोस, ही चूक आहे. तो म्हणाला, "घावली ना पन!"

तुझ्या दोनशे वजनांत ती का सापडली नाही, तर नागापूरला तुमच्याकडे जनरेटर आहे. तुमची वीज जातच नाही.

आता शांतपणे लिहितो. दोष प्रमाणित ड्रायव्हरचा नाही. काट्याचा आहे. मी तो माझ्या ड्रायव्हरच्या पोटात लपवून ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. मला तेव्हा ती हुशारी वाटली होती. कारण लिहायला दोन ओळी लागल्या असत्या. तुमच्या माणसांना सांग, तो आकडा वजनाच्या प्रोग्रॅममध्ये फेका आणि शेजारी कारण लिहा. बाकी प्रमाणितच घ्या. माझी शिफारस आहे असं समज.

बन्सी दुसऱ्या दिवसापासून येतो आहे. तुझी चिठ्ठी त्यानं टेम्पोच्या काचेला लावली आहे.

भागवतमामा


नागापूर
१० मार्च

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र सरांच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. भागूबाईंच्या म्हशीपाशी मला दोनदा थांबावं लागलं. पण नंतर सर एकदम उठले आणि म्हणाले, आपण हा काटा गेली चौदा वर्षं विकतोय आणि हे आपल्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. आता तो पहिला आकडा वजनाचा प्रोग्रॅमच फेकतो. त्यावर कारण लिहिलंय, पाच ओळींत, तारखेसह. तुमचं आणि बन्सीकाकांचं, दोघांचं नाव घातलंय.

काट्याचं बटण बंद-चालू करून मी साठ वेळा तपासलं. एकदाही चुकलं नाही. नवीन मजकूर हा:

"काटा आणि संगणक यांना जोडणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला काटा-ड्रायव्हर म्हणतात. संगणकात आता प्रमाणित काटा-ड्रायव्हर आधीपासून असतो. तोच वापरा. कंपनीचा आधीचा काटा-ड्रायव्हर २०११ पासून उत्तम चालला. आता त्याची गरज नाही. तो काढण्याची कृती खाली दिली आहे. वीज जाऊन आली, तर काट्यावर काही ठेवण्याआधी पडद्यावर शून्य दिसू द्या. काटा पहिल्यांदा जुनं वजन सांगतो."

"उत्तम चालला" हे वाक्य सरांनी घातलं, मी नाही.

मामा, एक विनंती आहे. छपाईला देण्याआधी ही कृती खऱ्या केंद्रावर एकदा करून बघायची आहे. तुमच्या संस्थेवर कराल? तुम्हाला नको असेल तर मी येऊन करते. नाही म्हणालात तरी चालेल. खरंच.

तुमची,
दिशा


काष्टी
१४ मार्च

चि. दिशा,

आज सकाळी केलं. तुझी कृती सात पायऱ्यांची आहे. पाचवीत "खात्री करा" लिहिलंयस, कशाची ते लिहिलेलं नाही. पडद्यावर काय दिसायला हवं ते लिही. बाकी बरोबर आहे.

मी दुपारी, सगळं सामसूम झाल्यावर करणार होतो. तुझी मामी म्हणाली, "चालू कामात करून बघा, नाहीतर परीक्षा कसली?" म्हणून रांग लागलेली असतानाच बसलो. काढण्याचा आदेश टाइप केला. छोटासाच आहे. चौदा वर्षांचं काम काढायला एवढीशी ओळ लागते हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण स्वतःच्या बाबतीत कधी टाइप केली नव्हती. बोट बटणावर ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. मागून मामीचा आवाज आला, "दाबताय का मी दाबू? बाया ताटकळल्यात."

दाबलं. पडद्यावर एक ओळ आली, काढला म्हणून. वायर काढून पुन्हा लावली. काट्याचा दिवा लागला.

विजयमाला म्हणून एक बाई पुढं होती. तिनं कॅन ठेवला. सहा लिटर तीनशे पन्नास. तिनं चिठ्ठी घेतली, वाचलीसुद्धा नाही, दुमडून कनवटीला लावली आणि गेली. तिच्या मागची पुढं आली. मग तिच्या मागची. मी खुर्चीत बसून प्रत्येक आकडा पाहत होतो. सेहेचाळीस बायका गेल्या. कोणी काही विचारलं नाही. कोणाला काही कळलंच नाही.

मी आणखी थोडा वेळ बसलो असतो. पण बाहेर कॅन चढवायला एक माणूस कमी पडत होता आणि बन्सी हाका मारत होता, म्हणून उठलो.

छापायला दे.

भागवतमामा